चिंध्यांनी बांधलेले कागद

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. हे मी सगळीकडे सांगते. इथंही सांगते, कारण यात चूक त्या बी.ए.वालीचीच झाली.

मोहगावचं घर सोडून भाऊ सौंसरला राहायला चालला होता. त्याची बोरगावची नोकरी, भाचीचं कॉलेज, दोन्ही तिथून सोयीचं. माय त्यांच्यासोबत जाणार होती. मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुटी होती, म्हणून आठ दिवस मदतीला गेले. मदतीला म्हणजे हुकूम सोडायला, असं भावाचं म्हणणं.

सामान बांधायला शेजाऱ्यांनी संत्र्याचे रिकामे खोके दिले होते. भांडी, कपडे झाले की मी कागदांकडे वळले. माय शाळेत गेलेली नाही, पण छापलेला कागद फेकणं तिला जमत नाही. लग्नपत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, खताच्या पावत्या, सगळं जपलेलं. पत्र्याच्या पेटीत गठ्ठेच गठ्ठे, प्रत्येकाला जुन्या कापडाची चिंधी बांधलेली. मी कैची घेऊन बसले.

"काय कापून राहिली वं?" माय दारातून म्हणाली.

"फाइली करून राहिली, माय. शाळेची वेगळी, दवाखान्याची वेगळी, शेताची वेगळी. वरून चिठ्ठी लावते. आता कोणताबी कागद एका मिनिटात सापडते पाय."

"कोणाले सापडते?"

मला प्रश्न कळलाच नाही. "ज्याले पाहिजे त्याले," मी म्हटलं आणि चिंध्या फरशी पुसायच्या बादलीत टाकल्या. माय बादलीकडे पाहून चहा ठेवायला गेली.

जे कामाचं नाही वाटलं ते मी रद्दीत काढलं, आणि त्याच रद्दीत भाचीनं कपबशा गुंडाळून खोक्यात भरल्या. टेम्पो सौंसरला गेला. नवं घर लहान, पण कोरडं, उजेडाचं. कपाटात माझ्या पाच फाइली ओळीनं उभ्या राहिल्या. मी फोटोसुद्धा काढला.

तिसऱ्या दिवशी भाऊ तहसीलमधून आला. भाचीच्या जात प्रमाणपत्रासाठी घराणं पूर्वीपासून इथलंच, याच राज्यातलं आहे, याचा पुरावा पाहिजे होता. आमच्याकडची मंडळी मूळची राज्याच्या सीमेपलीकडची, विदर्भातली, म्हणून हा प्रश्न आम्हाला येतोच. पुरावा एकच होता, आजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा मोहगावात चार वर्गच शिकले, पण त्या चार वर्गांवर आमच्या घरातल्या सगळ्यांची प्रमाणपत्रं निघाली, माझंही. आता अस्सल दाखला सोमवारी दाखवायचा होता. नाही दाखवला तर भाचीची नर्सिंगची जागा जायची.

"शाळेच्या फाइलीत असन," मी ऐटीत म्हटलं.

नव्हता. शेताच्या फाइलीत नव्हता, दवाखान्याच्या फाइलीत नव्हता. पाचही फाइली जमिनीवर उलट्या केल्या. भाचीचं तोंड एवढंसं झालं. भाऊ म्हणाला, "बाई, तू तं मास्तरीण हायेस, जरा वाचून पाह्यचं नं!"

माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "पांढरी चिंधी कोठी हाये?"

"कोणती चिंधी?"

"मामंजीच्या धोतराची. त्यायचे कागद त्याच चिंधीनं बांधले होते. तुह्या बापाचे लुंगीच्या निळ्या चिंधीनं, तुहे तुह्या शाळेच्या फराकाच्या. ज्याचे कागद त्याचं कापड. मले अक्षर नाही कळत, माणूस तं कळते!"

तेव्हा मला आठवलं. पांढऱ्या चिंधीच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर बियाण्याचं जुनं बिल होतं. मी तेवढंच वाचलं आणि अख्खा गठ्ठा रद्दीत टाकला. वाचता येणाऱ्या बाईनं फक्त वरचा कागद वाचला होता.

म्हणजे आजोबांचा दाखला कुठल्यातरी कपाला गुंडाळलेला होता. कपबशांचे चार खोके अजून फोडलेच नव्हते. नवी मांडणी घेतल्यावर पाहू म्हणून ठेवून दिले होते. त्या आळसाचे मी आजही उपकार मानते.

आम्ही भराभर कागद सोडायला लागलो. माय ओरडली, "फाडसान बावा! सरका तिकडे." ती खोक्यापाशी बसली. एकेक कप हातात घ्यायची, अंगठ्यानं कागद चाचपायची आणि बाजूला ठेवायची. "हा पेपर. हा बी पेपर. ही पत्रिका, गुळगुळीत लागते." तिसऱ्या खोक्यात एका बशीवर तिचा अंगठा थांबला. "हा जाडा हाये. कापडासारखा."

भाचीनं हलक्या हातानं सोडला. घडीवर थोडा विरलेला, पण शिक्का शाबूत. आजोबांचं नाव, गाव, इयत्ता चौथी.

भावानं तो लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घातला. भाची आधी रडली, मग हसली, मग त्याच बशीत मायला चहा दिला. माझ्या छातीवरचा दगड असा उतरला, की मला तिथंच झोप यायला लागली.

चहा पिताना मी म्हटलं, "माय, त्याच वेळी काहून नाही बोलली?"

"बोलू काय? तू शिकलेली. पण तू आठ दिवसानं जाशीन पांढुर्ण्याले. मंग मी माह्या घरातला कागद मागाले कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

मी उठून बादली शोधायला गेले.

चिंध्या बादलीसोबत टेम्पोत आल्या होत्या, काळ्या झालेल्या. मी त्या साबणानं धुतल्या, गॅलरीत वाळवल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून कागद पुन्हा लावले, माणसामाणसाचे. माय सांगायची, मी गाठ मारायची. माझ्या पदवीच्या गठ्ठ्याला निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची चिंधी बसली. तो फ्रॉक मला आठवतही नव्हता. शाळेच्या, दवाखान्याच्या कागदांवरच्या माझ्या चिठ्ठ्या काढायला लागले तर मायनं हात धरला, "राहू दे, नातीले लागतीन."

सोमवारी काम झालं. मी सुटी संपवून परत आले. पंधरा दिवसांनी मायचा फोन आला. मीटरवाला आला होता, घरात ती एकटीच होती, नव्या मीटरसाठी मोहगावच्या घराचं, बाबांच्या नावाचं जुनं बिल मागत होता.

"मंग?"

"मंग काय? निळी चिंधी सोडली, देल्लं. कोणाले इचारा नाही लागलं."