भिंगरीच्या लाटा

भिंगरी हे नाव तिला वडिलांनी लहानपणीच बहाल केलं होतं, आणि चाळिशीला आली तरी ते खोटं ठरवायची तिची काही इच्छा दिसत नव्हती. उभी असली की येरझारा, बसली की पाय हलतोय. अशा बाईच्या वाट्याला काम आलं ते अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकासमोर ढिम्म बसायचं. आता बोला!

काम स्वादुपिंडाच्या पेशींचं. पेशीच्या आवरणात बारीक पंप असतात. आत आलेलं कॅल्शियम ते बाहेर फेकत राहतात. फेकणं थांबलं की ते आत साठतं, पाचकरस जागच्या जागी जागे होतात आणि पेशी स्वतःलाच पचवायला घेते. याच दुखण्यापायी वडील दोनदा मरणाच्या दारात जाऊन आले होते. म्हणून तर तिने हे काम धरलं होतं.

पेशीत एक खास रंग भरला की कॅल्शियम वाढेल तशी ती उजळते. भिंगरीला दिसलं, की कोणी न डिवचताही पेशीचा उजेड लाटांसारखा कमीजास्त होतो. म्हणजे पेशी निवांत असतानाही पंप ठेक्यात चालतो! लॅबचे सर खूश झाले, बाहेरच्या तज्ज्ञांसमोर तिचं भाषण ठरलं, आणि वडिलांनी असा डंका पिटला की दूधवाल्यालाही पंप ठाऊक झाला. "आता माझं औषध निघणार," ते ज्याला त्याला सांगायचे.

भाषणाच्या आदल्या सकाळी ती नाश्त्याला बसली.

"पाय हलवू नकोस गं, टेबल हलतंय," वडील म्हणाले.

तिने पाय थांबवला. लक्ष उडालं तसा तो पुन्हा सुरू झाला. वडिलांच्या ग्लासातलं पाणी थरथरलं, निवलं, पुन्हा थरथरलं. ती बघत राहिली आणि मग नाश्ता तसाच टाकून लॅबकडे निघाली.

लॅबमध्ये तिने ताज्या पेशी मांडल्या, यंत्र चालू केलं आणि खोलीबाहेर पडली. जिन्यापलीकडे जाऊन उगाच नळ उघड, बंद कर. परत आली तेव्हा पडद्यावर उजेड मोजणारी रेघ सरळ होती. मग खुर्चीत बसून तिने मुद्दाम पाय हलवला, थांबवला, हलवला. लाटा आल्या. हादऱ्याने पेशी भिंगाखालून निसटत होती, एवढंच. तिला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर रागही आला.

"सर, उद्या मी बोलणार नाही. त्या लाटा माझ्या पायाच्या आहेत."

सरांनी चष्मा काढून पुसला. "कोणाला कळलंही नसतं," ते हळूच म्हणाले.

"औषध माझ्या बाबांना घ्यायचंय, सर."

सरांना सांगणं त्या मानाने सोपं गेलं. घरी वडिलांनी उद्या तिच्या भाषणाला घालायचा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीला लावला होता. जेवायच्या टेबलाशी बसून तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पेशी शांतच होत्या?"

"हो. मीच नव्हते."

"मग माझ्या पोटात बिघडतं ते काय?"

"ते अजून नाही कळलं, बाबा."

वडिलांनी ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. पाणी स्थिर झालं ते स्थिरच राहिलं. त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय जमिनीला खिळले होते.

"हलव गं पाय," ते म्हणाले. "तू अशी बसलीस की मला भीती वाटते."