पहिला आकडा

माझं काम दुसऱ्यांच्या चुका शोधायचं. हिंजवडीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते, आणि घरीसुद्धा तेच करते, असं नवरा म्हणायचा. खरं होतं ते. फक्त स्वतःच्या बाबतीत मी ठार आंधळी निघाले.

सातवा महिना संपत आला तेव्हा कोथरूडच्या आमच्या डॉक्टरबाईंनी माझं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं. "वाढलंय. घरी मशीन आणा, सकाळ-संध्याकाळ मोजून लिहा. वरचा आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला तर फोन करा. आणि घरी बसायची तयारी ठेवा."

शेवटचं वाक्य मला झोंबलं. तेव्हा बाळंतपणाची रजा बाराच आठवड्यांची. आधी घेतली की नंतरची तेवढी कमी. मला ती सगळी बाळासोबत हवी होती, पोट सांभाळत सोफ्यावर नको होती.

मशीन आलं. मी कॉम्प्युटरवर झकास तक्ता केला, आलेखही काढला. पहिला आकडा एकशे अठ्ठेचाळीस आला की म्हणायचे, आत्ताच जिना चढून आलेय. दहा मिनिटं पडून पुन्हा. एकशे बेचाळीस. पट्टा नीट बसला नसेल. तिसऱ्यांदा एकशे छत्तीस आला की तो तक्त्यात. आपण एकही खोटा आकडा लिहिलेला नाही, याचा मला चक्क अभिमान होता.

माझं करायला आलेली आई शेजारी चष्मा लावून बसायची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती कामवाल्या मावशींचे खाडे लिहायची, त्याच चौकटीत माझा आकडाही लिहू लागली. मी तिकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

तपासणीला गेले की तिथेही प्रेशर जास्तच यायचं. "दवाखान्यात आलं की वाढतं माझं," असं म्हणून मी तक्ता पुढे करायचे. बाई तो पाहून पुढची तारीख द्यायच्या.

आठव्या महिन्यात एका सकाळी डोकं ठणकतच उठले. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, चेहरा सुजला होता. "स्क्रीनचा ताण," म्हणत मी कंपनीच्या बससाठी पर्स उचलली. आईने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि त्याची गुंडाळी केली.

"आधी दवाखाना. ऑफिस कुठे पळून जात नाही."

तिथे वरचा आकडा एकशे सत्तर आला. आईने टेबलावर कॅलेंडर पसरलं. "अहो डॉक्टर, ही तीन-तीनदा मोजते. मी आपला पहिला लिहिते. मला वाटलं, तुम्हाला सगळेच दाखवत असेल."

बाईंनी माझा तक्ता त्याच्या शेजारी ठेवला. दोन्हींवरून बोट फिरवत म्हणाल्या, "तुम्ही टेस्टर ना? एखादी टेस्ट दोनदा फेल होऊन तिसऱ्यांदा पास झाली, तर काय लिहिता?"

"फेल."

"मग आमच्यावरच ही मेहरबानी का?"

त्यांनी मला लगेच भरती करून घेतलं, फिट येऊ नये म्हणून इंजेक्शनं दिली. बाळाला रक्तपुरवठा कमी पडतोय, आता थांबता येणार नाही, असं सांगून दुपारी सिझेरियन केलं. टेबलावर पडल्यावर मला कळलं. बाळासोबतच्या रजेसाठी मी बाळालाच पणाला लावलं होतं.

मुलगी झाली. एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रजा सुरू झाली आणि मी काचेला नाक लावून बसू लागले. दीड किलोची झाली की तुमच्या कुशीत देऊ, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. आई रोजचं वजन त्याच कॅलेंडरवर लिहायची.

दहाव्या दिवशी सिस्टरांनी तिला काट्यावर ठेवलं. एक किलो चारशे ऐंशी.

हलली असेल, परत एकदा ठेवा ना, हे अगदी ओठांवर आलं होतं. आई पेन उघडून माझ्याकडे बघत होती.

"चौदाशे ऐंशी," मी म्हटलं. "लिही."