परदेशातलं माहेर

लग्नाचाही वाढदिवस असतो आणि लोक तो साजरा करतात, हे मला पिंपरीत आल्यावर कळलं. हे तिथल्या औषधाच्या नव्या कारखान्यात फिटर होते. यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी साहेबाने आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्या कामगारांना केक वाटला. ह्यांनी आपला तुकडा रुमालात बांधून घरी आणला. रुमालाला ग्रीसचा वास होता, त्यामुळे केकची खरी चव मला काही कळली नाही.

"आपलाही येईल की कार्तिकात," हे म्हणाले. "आपण परदेशी जाऊ."

मी हसले. तळेगावपलीकडे आम्ही दोघं मिळून कुठे गेलो नव्हतो, आणि तळेगाव म्हणजे माझं सासर.

"हसतेस काय? तुझं माहेर कुठल्या देशात आहे?"

माझं माहेर पेडण्याजवळ. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता. आमचं लग्न सावंतवाडीला मामांच्या घरी लागलं, कारण वऱ्हाडाला पलीकडे जाऊ देणार कोण? आई तेवढ्यापुरता परवाना काढून आली आणि मांडव उतरायच्या आत परत गेली. तिच्याशी माझं धड बोलणंही झालं नव्हतं. त्यामुळे हे गमतीत बोलले तरी मी ते मनावर घेतलं. दिवाळसणही तेव्हाच करू, असं आईने मामांकडून कळवलं. सासऱ्यांनी तळेगावहून तिला न्यायला म्हणून आमच्याकडे आंबेमोहर तांदूळ पाठवला.

आम्ही पिंपरी गावात एका खोलीत भाड्याने राहायचो. घरमालकीण पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या शेतकऱ्याच्या घरची. परवाना काढावा लागणार हे ऐकून तिला काही सुधरेना.

"म्हायेरी जायाला सरकारचा कागद? आमी बैलगाडी जुपायची आन् निघायचं. तुझ्या आईला ठावं हाय न्हवं तू येनार हाईस?"

"हो."

"मग सरकारला कशापायी सांगायचं?"

तिला समजावताना मीच वैतागून जायची.

हे रजा काढून मुंबईला गेले. अर्जात जाण्याचं कारण लिहायचं होतं. ह्यांनी सरळ लिहिलं, लग्नाचा वाढदिवस. खिडकीतल्या कारकुनाने शेजारच्याला बोलावून ते वाचून दाखवलं म्हणे. मग म्हणाला, "असल्या कारणाला परवाना मिळत नसतो. सासूबाई अत्यवस्थ आहेत असं लिहा, लगेच होईल."

हे घरी आले ते मला विचारायला. मी चुलीवर भाकरी टाकली होती. ती तशीच ठेवून मी वळले.

"धडधाकट आईला मी मरणाच्या दारात बसवू?"

"अगं, कागदावरच ना फक्त."

"मग तुमच्या आईला बसवा."

हे न जेवता कारखान्यात गेले. तो आमच्या संसारातला पहिला मोठा अबोला. घरमालकिणीने दोघांनाही आळीपाळीने ताक पाजून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी देवकार्य असं कारण ठरलं. ह्यांना पुन्हा मुंबईला जावं लागलं, पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. तिथे आता वेगळा कारकून होता आणि त्याला आमचे फोटो पसंत पडेनात. माझा पदर कानावर आला होता.

दुसरे फोटो काढून झाले, तोवर ऑगस्ट उजाडला. सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, गोळीबार झाला, माणसं मेली. आगगाडी बंद झाली, रस्ते बंद झाले. आमचा अर्ज कुठल्या फडताळात पडला असेल, हे विचारण्यातही अर्थ उरला नाही. लोकांच्या घरची माणसं गेली होती आणि मला आमच्या सहलीचं रडू येत होतं. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. मी आपली भांडी आदळत होते.

दिवाळी झाल्यावर हे म्हणाले, "आपण सावंतवाडीपर्यंत तरी जाऊ. मामा म्हणतात, हद्दीवरच्या नदीच्या काठावरून तुमचा गाव दिसतो."

"लांबून गाव बघून काय करू?"

"मामा आईंना निरोप धाडणार आहेत. त्या पलीकडे येऊन उभ्या राहतील."

मला जायचं नव्हतं, तरी गेले. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत मला उलट्या झाल्या. वाढदिवसाच्या सकाळी मामा आम्हाला नदीवर घेऊन गेले. "थयसून पलीकडचा सगळा दिसता," असं ते वाटभर सांगत होते. काठावर आमच्या पोलिसांची चौकी होती. होड्या ओढून पालथ्या घातल्या होत्या. पोलीस म्हणाला, "बाई, या झाडाच्या पुढे जायचं नाही."

नदी भरून वाहत होती. समोर माड, माडांमागे कौलं. त्यांतलं आमचं घर कुठलं ते मला सांगता येईना. ऊन वर आलं. मग पलीकडच्या काठावर फिक्या लुगड्यातली एक बाई येऊन थांबली.

"आई आल्या," हे म्हणाले.

मी डोळे ताणून पाहिलं. उंची आईएवढी वाटत होती, उभं राहण्याची ढब वेगळी होती. की वर्षभरात मीच विसरले होते? मी हाक मारली. पोलीस धावत आला आणि म्हणाला, "ओरडू नका, तिकडून गोळी आली तर आम्ही काय करायचं?" त्या बाईने हात वर केला, मला की कुणाला कोण जाणे, आणि ती माडांत निघून गेली.

"त्याच होत्या," हे पुन्हा म्हणाले.

"माझी आई मला ओळखू येणार नाही?" मी इतक्या जोराने बोलले की मामा दुसरीकडे पाहू लागले. खरं तर मला ओळखता आलं नव्हतं. ह्यांना माझी समजूत काढायची होती, आणि माझा सगळा राग त्यांच्यावरच निघाला. दुसऱ्या दिवशीची एस.टी. धरून आम्ही पिंपरीला परतलो. वाटेत हे मला सावलीत बसवून स्वतः उन्हाच्या बाजूला बसले.

गोवा मोकळा झाला तेव्हा माझा थोरला शाळेत जाऊ लागला होता. मी माहेरी गेले तेव्हा कळलं, मामांचा निरोप आईला कधी पोचलाच नव्हता. मी नदीवर येऊन गेले हेही तिला तेव्हाच कळलं, आणि ते ऐकून ती दिवसभर माझ्याशी नीट बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती एकटीच पिंपरीला आली. सगळा प्रवास ती पिशवी मांडीवर धरून ताठ बसली होती. कुणीतरी शिपाई चढेल आणि कुठे चाललात म्हणून विचारेल, असं तिला वाटत होतं. कुणीच विचारलं नाही. घरात शिरल्यावर तिने पहिल्यांदा मला सांगितलं ते एवढंच.