कोरड्या विहिरीतला जादा सूर

मंडळी, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाही, म्हणून लिहितोय.

खोल गर्तेतून देवाची क्षमा मागायचं एक स्तोत्र आहे. आमच्या चर्चच्या सुधीर सरांनी त्याला नवी, चार आवाजांत म्हणायची चाल लावलीय. म्हणाले, "खोलातून मागायचंय ना? मग खोलातच उतरून म्हणू." आमच्या दिंद्रुडकडं पाणी सोसायटीची सामाईक विहीर यंदा ठणठणीत कोरडी आहे. आम्ही नऊ जण शिडीनं तळाला उतरलो.

चालीत मध्येच सगळ्यांनी गप्प व्हायचं असतं. आम्ही गप्प झालो, पण खर्जाचा एक सूर चालूच राहिला.

"कोण हाय बे? थांब की!" सर खर्जात गाणाऱ्या गड्यांवर ओरडले. सगळ्यांची तोंडं बंद होती. सूर दगडातून येत होता.

आमच्यातल्या सुमनमावशीनं कपारीला कान लावला. "मोटर हाय ही. कुणीतरी चोरून बोअर पाडलाय. आन् आपण देवाला इचारतोय, पाणी कावून आटवलं!"

विहिरीजवळ बोअर पाडायचा नाही, असा सोसायटीचा ठराव आहे. त्यावर आम्हा सगळ्यांच्या सह्या आहेत.

"पुन्हा पहिल्यापासून," सर म्हणाले. रेंजची एकच काडी होती. मी खिशातल्या खिशात मोबाइलवरून माझी मोटर बंद केली.

पुन्हा गप्प झालो. सूर थांबला नाही. थोडा बारीक झाला. मग अजून बारीक.

मान वर करून पाहिलं, तर आमच्यातल्या आणखी दोघांचे हात खिशात होते.

तुमच्या गावची विहीर तुम्ही कधी अशी गप्प राहून ऐकलीय का?