दहाव्याचा कावळा

वडील गेल्याचं कळल्यावर मी मस्कतहून भोंगवलीला पोचलो, तोवर राख सावडून झाली होती. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, "आता परत जानार न्हाई म्हन. त्येंचा जीव तुझ्यात अडकलाय." माझं डोकंच फिरलं. घर ज्या पगारावर चालत होतं, तो काय नदीत सापडणार होता? ऊन चढलं. शेवटी आई पुढं झाली. पिंडाला हात जोडून म्हणाली, "पोरगं परत जानार हाय. तुमी आता वाट बघू नका."

कावळा लगेच खाली उतरला नि पिंडाला शिवला. लोक हुश्श करून उठले. मला मात्र वडिलांचाच राग आला. इतक्या लवकर त्यांनी ऐकायला नको होतं.