बेटावरची निवडणूक आणि बाबांचं मत

त्या वर्षी इथं परदेशात, आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांना निवडणुकीचं वेड लागलं होतं. मी तेवढी दमले होते. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ऑफिस, फिजिओथेरपी, स्वयंपाक, की पुन्हा ऑफिस. त्यात लेकीचा इतिहासाचा निबंध! ती क्लेमेंटीला युनिव्हर्सिटीत होती आणि विषय काय, तर कुठल्याशा कॅरिबियन बेटावर इंग्रजांच्या काळात झालेली विधिमंडळाची निवडणूक. म्हटलं, जगातले बाकीचे विषय संपले का गं?

बाबांना मात्र विषय भलताच आवडला. संध्याकाळी ती वाचायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत त्यांना सांगायची. ज्याच्याकडे घर, जमीन किंवा बरी मिळकत, त्यालाच मत. ऊस तोडणाऱ्यांना नाही. निवडून येणार मूठभर, बाकीचे गव्हर्नरच नेमणार. "म्हणजे निवडणूक नावालाच की!" बाबा चिडायचे. मग एकदा तिनं सांगितलं, की एका म्हाताऱ्याला चालवत नव्हतं, तर लोकांनी त्याला खुर्चीसकट उचलून मतदानाला नेलं.

झालं! बाबांनी तेच धरलं. आमच्या गावाकडची निवडणूकही तोंडावर आली होती.

"मलाही ने. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते."

"बाबा, डॉक्टर नको म्हणालेत."

"मग इथं वकिलातीत पेटी ठेवत असतील."

लेकीनं फोनवर शोधलं. "कॅनॉट ला, आजोबा, इथून नाही देता येत मत. गावीच जावं लागतं."

"मग जाऊ या. आजवर एक मत चुकवलं नाही मी."

रोज तेच. सकाळी चहाबरोबर तेच, जेवणानंतर गोळ्यांबरोबर तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. "एका मतानं काय आभाळ कोसळणार आहे? आणि वाटेत काही झालं तर निस्तरायचं कुणी? मीच ना?"

बाबा गप्प झाले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, त्या शांततेनं बरंही वाटलं.

मतदानाचा दिवस गेला. लेकीनं निबंधही देऊन टाकला. बाबांनी परत विषय काढला नाही, आणि मला हायसं वाटलं. त्या रविवारी मी त्यांना वॉकर धरून बिल्डिंगखाली चालवत होते. सहज म्हटलं, "आता घाई नाही ना काही? नीट बरे व्हा. दिवाळीत बघू जायचं."

ते थांबले. जरा दम घेतला.

"दिवाळीत काय सांगू तुला?"

"म्हणजे?"

"घरी ने म्हणायला एवढं एकच कारण होतं गं माझ्याकडे. नुसतं जावंसं वाटतं म्हटलं असतं, तर नेलं असतंस?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत. वॉकर पुढे टाकून चालू लागले.