कोऱ्या हवेचा वास

बेकरीत घड्याळ होतं, पण पाव निघायचे ते नाकदादाच्या नाकावर. भट्टीच्या तोंडाशी तो डोळे मिटून उभा राहायचा. पाव तांबूस झाला की वास फिरतो म्हणायचा, आणि लांब दांड्याची फळी आत सारायचा. धाकटा भाऊ पीठ मळता मळता चिडवायचा, “उद्या तुला सर्दी झाली तर दुकान बंद.”

सर्दी नाही, विषाणूचा ताप आला. उतरला, पण मागे जळका वास ठेवून गेला. आंघोळ करताना, बायकोच्या केसांत, कुठेही. रिकाम्या खोलीत कुणी शेजारी येऊन उभं राहावं तसा यायचा आणि न सांगता निघून जायचा. पाव करपले असं वाटून नाकदादा ते कच्चेच ओढू लागला. गिऱ्हाइकं आतला चिकट गोळा काढून दाखवायची.

“मनाचे खेळ आहेत तुझे,” भाऊ म्हणाला.

तो ‘जळतंय’ म्हणाला तरी बायकोही आताशा गॅस बघायला उठत नव्हती. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं, पण खरंही मानत नव्हतं.

म्हणून तो आपणहून एका डॉक्टरीणबाईंकडे गेला. या विषाणूने मेंदूचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. एमआरआयच्या बोगद्यात तो निजला, नाकाशी नळी लावलेली. त्यातून कधी वास येणार, कधी नुसती कोरी हवा. वास आला की बटण दाबायचं.

नंतर बाईंनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवून सोबत आलेल्या भावाला दाखवलं. “इथे हवा कोरी होती. यांनी बटण दाबलं, आणि मेंदूतला वासाचा भाग खरोखर जागा झालाय. सोंग नाही हे. बरं कधी होईल, ते मात्र सांगता येत नाही.”

“ऐकलंस?” नाकदादाला किती दिवसांनी हसू आलं.

“ऐकलं, दादा. चुकलंच माझं.” जिना उतरताना भावाने त्याचा हात धरला. “आता भट्टी मी बघतो. तू गल्ल्यावर बस.”

नाकदादा गल्ल्यावर बसला. खरं ठरायला तोच तर धडपडला होता.

आता तो पाव कागदात बांधतो. वास आला की मान वळवतो, आणि भाऊ न विचारताच सांगतो, “काही नाही, दादा.” कधी घाईगडबडीत भावाच्या तोंडून जुन्या सवयीने निसटतं, “दादा, झाले का रे?”

नाकदादा उठून उभा राहतो. दाट करपट वास असतो, किंवा नसतो. तो उत्तर जुळवतोय तोवर भावाने भट्टीचं झाकण उघडून स्वतःच बघितलेलं असतं.